आजारी न पडलेल्यांची शिरगणती

साथ आली म्हणजे गावात दोन प्रश्न विचारले जातात. किती माणसे अंथरुणाला लागली, आणि किती दगावली? दवाखान्याच्या वहीतून या दोहोंची उत्तरे थोडीफार मिळतात. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. रोगाचे बीज अंगात शिरले पण ज्यांना काहीच झाले नाही, किंवा दोन दिवस नाक वाहून जी माणसे पुन्हा कामाला लागली, अशी किती? ही माणसे डॉक्टरकडे जात नाहीत, वहीत येत नाहीत, आणि आम्हा धर्मगुरूंनाही त्यांच्याकडून बोलावणे येत नाही. आम्हाला बोलावतात ते माणूस अंथरुणाला खिळल्यावर. तथापि रोग खरोखर किती पसरला आहे व किती घातक आहे, हे या तिसऱ्या उत्तरावाचून कळत नाही.

ज्यांच्या गोठ्यात चार जनावरे आहेत त्यांना ही गोष्ट नवी नाही. एखादी गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, पाठोपाठ दुसरी गाभडली, म्हणजे जनावरांचे डॉक्टर येतात व ब्रुसेलोसिसचा संशय घेतात. ते फक्त गाभडलेल्या गायीचे रक्त घेऊन थांबत नाहीत. शेजारी निवांत रवंथ करीत उभ्या असलेल्या, दूध नीट देणाऱ्या गायींचेही रक्त घेतात. ते रक्त स्थिर ठेवले की वर पिवळसर पाणी सुटते. त्याचा एक थेंब व औषधाचा एक गुलाबी थेंब पांढऱ्या फरशीवर मिसळून हलवतात. गुठळ्या-गुठळ्या दिसल्या तर त्या धडधाकट गायीच्या अंगात रोग शिरून गेला आहे किंवा अजून आहे, असे समजावे. याला रोझ बेंगाल चाचणी म्हणतात. माणसांच्या बाबतीतही नेमके हेच करावे लागते. फक्त माणसांचा कळप मोठा, आणि तो एका दावणीला बांधलेला नसतो.

या वेळी आम्ही जे उदाहरण घेणार आहोत ते अरबस्तानातील आहे. उंटांपासून माणसाला होणाऱ्या ‘मर्स’ नावाच्या श्वसनरोगाचे. इतक्या लांबचे उदाहरण का, असे कोणी म्हणेल. एक तर धडधाकट माणसांतील छुपा प्रसार कसा मोजावा याचा तो फार चांगला नमुना आहे. दुसरे असे की, आपल्या पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी आखातात कामाला आहे. कोणी वाहन चालवतो, कोणी स्वयंपाकी आहे, कोणी परिचारिका. तेथला रोग अगदी परक्यांचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

उंटाच्या नाकातून

सन २०१२ च्या जून महिन्यात सौदी अरेबियातील जेद्दा शहरी एक साठ वर्षांचा गृहस्थ न्यूमोनिया होऊन रुग्णालयात आला. पुढे त्याची मूत्रपिंडे निकामी झाली व तो मरण पावला. तेथील विषाणुतज्ज्ञ डॉ. अली मोहम्मद झाकी यांना त्याच्या थुंकीत एक अनोळखी विषाणू आढळला. त्यांनी नमुना हॉलंडमधील रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्राकडे पाठविला, आणि हा करोना कुळातला एक नवाच विषाणू असल्याचे निश्चित झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जॉर्डनमधील झर्का येथील रुग्णालयात जी गूढ साथ आली होती, तीही याचीच, असे जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून मागाहून कळले.

रोग मोठा भयंकर दिसत होता. नोंदल्या गेलेल्या रुग्णांपैकी शंभरात पस्तीस-चाळीस मरत होते. पण तो येतो कोठून? वटवाघळांवर संशय होता. २०१३ च्या ऑगस्टमध्ये या कोड्याचा पहिला धागा हाती लागला. ओमानमधील एका वशिंडाच्या ५० उंटांचे रक्त तपासले, तो ५० पैकी ५० उंटांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. तिकडे आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या कॅनरी बेटांवरील १०५ उंटांपैकी १५ उंटांत ती होती. गायी, मेंढ्या, शेळ्या तपासल्या, त्यांत नव्हती. पुढे सुदान व सोमालियातील उंटांचे १९८३ सालापासून जपून ठेवलेले रक्त काढून पाहिले, तर त्यातही ती आढळली. म्हणजे ज्याला आपण २०१२ चा नवा रोग म्हणत होतो, तो उंटांच्या कळपात निदान तीस वर्षे मुक्कामाला होता!

प्रतिपिंड म्हणजे काय हे येथे सांगितले पाहिजे. अंगात परका जंतू शिरला की रक्तात त्याच्याविरुद्ध खास पदार्थ तयार होतात. ज्या जंतूविरुद्ध ते तयार झाले त्यालाच ते जाऊन चिकटतात. जंतू गेला, ताप उतरला, तरी हे पदार्थ काही काळ रक्तात राहतात. रानडुक्कर रात्री शेतातून गेले तर सकाळी दिसत नाही. पण चिखलात त्याचे खूर उमटलेले असतात, तसे हे समजावे. घशातला कापसाचा नमुना डुक्कर आत्ता शेतात आहे की नाही एवढेच सांगतो. रक्तातली प्रतिपिंडे ते येऊन गेले काय ते सांगतात.

उंटाला या विषाणूचा त्रास जवळजवळ होत नाही. तरण्या पिलांचे नाक वाहते, एवढेच. याच काळात जेद्दाजवळच्या एका उंटवाल्याच्या कळपातील काही उंटांची नाके वाहत होती. त्याने एका उंटाच्या नाकाला औषध लावले. पुढे तो आजारी पडला व २०१३ च्या नोव्हेंबरात मरण पावला. त्याच्या व उंटाच्या अंगातील विषाणू एकच निघाला, आणि उंटाला लागण आधी झाली होती असेही रक्ताच्या तपासणीवरून दिसले. आजारी जनावराच्या तोंडानाकाला हात लावल्यावाचून कोणा शेतकऱ्याचे चालते? त्याने वेगळे काहीच केले नव्हते.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. मर्सच्या पुष्कळ रुग्णांनी सांगितले की, आम्ही उंटाच्या जवळपासही गेलो नाही. ते शहरात राहणारे, वयस्क, बरेचसे मधुमेहाचे किंवा मूत्रपिंडाचे जुने आजारी. आजारी माणसाच्याही सहवासात ते आलेले नव्हते. मग त्यांना रोग दिला कोणी? उंट आणि हे म्हातारे गृहस्थ यांच्यामध्ये कोणीतरी असले पाहिजे. कोणीतरी हिंडते-फिरते, ज्याला स्वतःला काही झाले नाही असे.

दहा हजार नळ्या

त्या मधल्या माणसाला शोधायचे तर धडधाकट लोकांचे रक्त पाहणे आले. सौदी आरोग्य मंत्रालयाचे डॉ. झियाद मेमिश व जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे मार्सेल म्युलर, ख्रिश्चन ड्रोस्टेन यांच्या चमूने हे काम अंगावर घेतले. १ डिसेंबर २०१२ ते १ डिसेंबर २०१३ या वर्षभरात सौदी अरेबियाच्या तेराही प्रांतांतून १०,००९ माणसांचे रक्त जमले. काही लोक दवाखान्यात दुसऱ्या कामासाठी आलेले होते, काही राष्ट्रीय आरोग्य पाहणीत सामील झालेले होते. याखेरीज उंट-मेंढ्या राखणारे ८७ राखणदार आणि कत्तलखान्यात काम करणारे १४० कामगार यांचे रक्त निराळे घेतले.

शितावरून भाताची परीक्षा आपल्या घरोघरी होते. पण अनुभवी बाई एकच शीत पाहत नाही, कारण तळाशी भात शिजलेला असतो व वर कच्चा राहिलेला असतो. ती पळी घालून खालचे-वरचे, कडेचे-मधले शीत दाबून पाहते. तेरा प्रांत घेतले ते यासाठी, आणि राखणदार व कसाई वेगळे घेतले तेही यासाठीच. भात लागला असेल तर प्रथम तळाशीच लागणार.

आता त्या दहा हजार नळ्यांचे काय करावयाचे? सगळ्यात स्वस्त व झटपट चाचणी अशी. प्लॅस्टिकच्या थाळीत ९६ लहान खळगे असतात. त्यांच्या तळाला विषाणूच्या काट्याचा तुकडा चिकटवून ठेवलेला असतो. हा तुकडा प्रयोगशाळेत बनविलेला, निरुपद्रवी. त्यावर माणसाचे रक्तजल घालायचे व धुऊन टाकायचे. प्रतिपिंडे असतील तर ती काट्याला धरून बसतात, धुतली तरी जात नाहीत. नंतर रंग आणणारे औषध घातले की त्या खळग्याला रंग चढतो. एका दिवसात शेकडो माणसे तपासून होतात.

मात्र ही चाचणी भोळी आहे. करोना कुळातले चार विषाणू जगभर साध्या पडशाचे कारण आहेत. तुम्हाआम्हाला ते लहानपणापासून कैकदा होऊन गेलेले आहेत. चुलतभावाचा चेहरा जसा मिळताजुळता असतो, तसे त्या साध्या पडशाविरुद्धचे प्रतिपिंड कधी चुकून मर्सच्या काट्यालाही चिकटते आणि खळगा रंगतो. माणसाला मर्स कधी झालेलाच नसतो.

येथे थोडे गणित केले पाहिजे, आणि वाचकांनी ते कंटाळा न करता करावे अशी आमची विनंती आहे, कारण सगळी मेख याच ठिकाणी आहे. समजा एखादी चाचणी शंभर निरोगी माणसांपैकी नव्याण्णवांना बरोबर ‘नाही’ म्हणते व एकाच्या बाबतीत चुकून ‘होय’ म्हणते. ऐकायला किती उत्तम! आता ती दहा हजार माणसांवर लावा, ज्यांच्यापैकी खरोखर लागण होऊन गेलेली माणसे पंधराच आहेत. उरलेल्या ९,९८५ निरोगी माणसांपैकी सुमारे शंभर जणांना ती चुकून ‘होय’ म्हणेल. पंधरा खरे व शंभर खोटे, मिळून एकशे पंधरा ‘होय’. या एकशे पंधरांवर विश्वास ठेवला तर रोग होता त्याच्या सातपट-आठपट पसरला असे आपण छापून मोकळे होऊ. याउलट ज्या कळपात निम्म्याहून अधिक जनावरांना लागण झालेली आहे तेथे हीच चाचणी शंभरात एकच चूक करून पुष्कळ उपयोगी पडते. चाचणी तीच, हात तोच. जे शोधायचे ते जितके विरळ, तितक्या खोट्या सापडण्याच्या गोष्टी जास्त. धान्यात खडे कमी असले म्हणजे निवडणारीच्या हाती खड्याऐवजी दाणेच अधिक येतात, त्यातला हा प्रकार.

म्हणून त्या शास्त्रज्ञांनी पहिल्या चाचणीत रंगलेल्या नळ्या तेवढ्या बाजूला काढल्या व त्यांच्यावर कडक चाचणी लावली. तिच्यात जिवंत विषाणू लागतो, त्यामुळे ती साध्या प्रयोगशाळेत करता येत नाही; हवा बाहेर जाऊ न देणाऱ्या बंदिस्त खोलीत, विशेष पोशाख घालून करावी लागते. काचेच्या भांड्यात जिवंत पेशींचा पातळ थर वाढवितात. त्यावर नुसता विषाणू सोडला तर तो पेशी खात जातो व थराला भोके पडतात. विषाणू आधी माणसाच्या रक्तजलात भिजवून मग सोडला आणि भोके पडली नाहीत, म्हणजे त्या रक्तात विषाणूला खरोखर नामोहरम करणारी प्रतिपिंडे आहेत. येथे चुलतभावाच्या चेहऱ्याने फसगत सहसा होत नाही.

या दुसऱ्या चाळणीतून दहा हजार नऊ माणसांपैकी पंधरा उरली. शेकडा ०.१५.

पंधरा माणसे काय सांगतात

पंधरा ही संख्या ऐकून कोणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण ही पंधरा माणसे कोण होती ते पाहू. पंधरांपैकी चौदा देशाच्या मध्यभागातील प्रांतांची होती, जेथे उंटपालन मोठे. समुद्रकाठच्या प्रांतांतून साडेचार हजारांवर माणसे तपासली, त्यांत एकच निघाला. पुरुषांत प्रमाण शेकडा ०.२५, स्त्रियांत ०.०५. वयाची सरासरी साडेत्रेचाळीस, तर रुग्णालयात मर्सने आजारी म्हणून नोंदलेल्यांची सरासरी जवळजवळ चोपन्न. दहा वर्षांचा फरक आहे. आणि तळाचा भात? राखणदारांत ८७ पैकी २, म्हणजे शेकडा २.३, कत्तलखान्यात १४० पैकी ५, म्हणजे शेकडा ३.६. सर्वसाधारण लोकांच्या मानाने राखणदारांत पंधरापट व कसायांत तेवीसपट.

मधला माणूस येथे दिसू लागतो. तो तरणाताठा पुरुष आहे, त्याचा कोठेतरी उंटाशी संबंध येतो, त्याला लागण होते पण फारसे काही होत नाही, आणि तो घरी किंवा बाजारात जातो. त्याच्या घरात साठीचा मधुमेही बाप असेल तर गोष्ट बदलते. संशोधकांनीही निष्कर्ष असाच काढला की, उंटाला कधी न शिवलेल्या रुग्णांना रोग अशा तरुण, लक्षणे नसलेल्या किंवा सौम्य लक्षणांच्या माणसांपासून लागत असावा. ‘असावा’ हा शब्द त्यांचाच, आणि आम्ही तो तसाच ठेवतो.

दुसरी गोष्ट संख्येची. शेकडा ०.१५ हे प्रमाण पंधरा वर्षांवरील साऱ्या लोकसंख्येला लावले तेव्हा उत्तर आले ४४,९५१. पाहणी संपली त्या सुमारास साऱ्या जगात मिळून मर्सचे नोंदलेले रुग्ण दोनशेच्या आत होते! वही काय म्हणते आणि रक्त काय म्हणते यांत केवढे अंतर पडले ते पाहा.

पण वाचकहो, या ४४,९५१ ला देवळाच्या जमाखर्चातील आकड्यासारखे शेवटच्या पैशापर्यंत खरे समजू नये. तो आकडा पंधरा नळ्यांवर उभा आहे. एकेका नळीच्या पाठीशी तीन हजार माणसे. तेथे दहा नळ्या निघाल्या असत्या किंवा वीस निघाल्या असत्या, तर आकडा त्या मानाने घसरला किंवा चढला असता. म्हणूनच संशोधकांनी आकड्याबरोबर त्याचे अधिकउणेही दिले: २६,९७१ पासून ७१,९२२ पर्यंत. वर्तमानपत्रांतून असे आकडे येतात तेव्हा मधला एक उचलून मोठ्या अक्षरांत छापतात आणि कडेचे दोन गाळतात. आमच्या मते कडेचे दोन आधी वाचावेत.

त्याहूनही एक सूक्ष्म चूक होण्यासारखी आहे. कोणी म्हणेल, मग काय, पंचेचाळीस हजारांना लागण झाली व मेले शंभराच्या आत, म्हणजे रोग अगदी किरकोळ. असा भागाकार करता येत नाही. मृत्यू मोजले आहेत ते २०१२ पासूनचे. पण उंटांत विषाणू कितीतरी आधीपासून आहे, आणि रक्तातील खूण लागण कोणत्या वर्षी झाली हे सांगत नाही. चिखलातला ठसा कालचा की आठवड्यापूर्वीचा, हे नुसत्या ठशावरून कळणे कठीण. भागाकाराच्या वर एका काळाचे माप आणि खाली दुसऱ्या काळाचे, असे होऊन जाते. इतके मात्र खात्रीने म्हणता येते की, शंभरात पस्तीस मरतात हे प्रमाण रुग्णालयात पोहोचलेल्यांचे आहे. लागण झालेल्या सगळ्यांचे प्रमाण याहून कमी आहे.

उलट बाजूनेही माप चुकते. सौम्य लागण झालेल्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे लवकर विरून जातात, कित्येकांत तयारच होत नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सौदी उंटकामगारांचे रक्त निराळ्या रीतीने तपासले, म्हणजे प्रतिपिंडांबरोबर विषाणूला ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशीही पाहिल्या. काहींच्या रक्तात प्रतिपिंडे मुळीच नव्हती, पण त्या पेशी होत्या. लागण होऊन गेली होती व ठसा पुसला गेला होता. म्हणजे ते पंधरा हे निदान एवढे, असे धरावे. कतारमध्ये उंटांशी कामाचा संबंध येणाऱ्या २९४ जणांपैकी २० जणांत प्रतिपिंडे मिळाली, आणि संबंध नसलेल्या दोनशेंवर लोकांत एकातही नाही. केनियात उंट पुष्कळ असूनही जनावरांच्या भागात राहणाऱ्या १,१२२ लोकांत दोघेच निघाले. ठिकाण बदलले की भात बदलतो.

घर आणि रुग्णालय

तरुण मुलगा घरी रोग आणतो म्हटल्यावर आयाबहिणी घाबरून जातील, म्हणून हेही सांगितले पाहिजे. सौदी अरेबियात २६ रुग्णांच्या घरच्या २८० माणसांची तपासणी झाली व तिचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी सुमारे बारा जणांनाच घरच्या रुग्णापासून लागण झालेली असावी असे दिसले. एका ताटात जेवणाऱ्या घरांतून एवढीच! मर्स घरात चिवटपणे पसरणारा रोग नाही. तो फोफावतो रुग्णालयात, जेथे दुबळी माणसे दाटीने असतात व नळ्या-यंत्रे फिरत असतात. २०१४ च्या वसंतात जेद्दाला तसे झाले. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात तर एका माणसापासून सुरुवात होऊन १८६ जणांना लागण झाली व ३८ मेले. कोरियात उंटांचे कळप नाहीत. तेथे विषाणू विमानाने आला.

आपल्या देशातही धडधाकट माणसांची अशी मोजणी झाली आहे, याच विषाणूच्या चुलतभावाची. करोनाच्या महामारीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे-जून २०२० मध्ये २१ राज्यांतील ७० जिल्ह्यांतून २८,००० प्रौढांचे रक्त तपासले. बेळगावला लागून असलेला सांगली जिल्हा त्यांत होता. बीड, परभणी, नांदेड, अहमदनगर व जळगावही होते. प्रमाण निघाले शेकडा ०.७३. एवढेसेच दिसते, पण त्यावरून मेच्या आरंभापर्यंत देशात चौसष्ट लाख प्रौढांना लागण होऊन गेली असावी असा अंदाज निघाला, आणि नोंदलेल्या एका रुग्णामागे न नोंदलेले ऐंशी ते एकशे तीस. वर्षभराने, २०२१ च्या जून-जुलैतील चौथ्या फेरीत प्रमाण दोन-तृतीयांशांवर गेले होते. त्यात लस घेतल्यामुळे प्रतिपिंडे आलेलेही होते, हे विसरू नये. त्या वेळी पुष्कळांनी, ‘आम्ही ठणठणीत आहोत, आमचे रक्त कशाला हवे?’ असे म्हणून परत पाठविल्याचे आमच्या कानी आले होते. वास्तविक पाहणीला हवे असते ते ठणठणीत माणसाचेच रक्त. आजाऱ्याचे तर दवाखान्यात मिळतेच. फक्त कुरकुरणाऱ्यांनी रक्त दिले व निरोग्यांनी दार लावून घेतले, तर सारा हिशेब कलंडतो.

आपल्या गोठ्यातील गाय-म्हशी-शेळ्यांपासून मर्स होत नाही, याची वाचकांनी खात्री बाळगावी. त्यांच्यापासून दुसरे रोग होतात. गाभडलेल्या जनावराची वार व गर्भ उघड्या हाताने काढू नये, कच्चे दूध पिऊ नये, हे नियम ब्रुसेलोसिससाठी आहेतच. आखातात असणाऱ्यांना जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले नियम फार वेगळे नाहीत. उंटाला हात लावल्यावर हात साबणाने धुवावेत. आजारी उंटाजवळ जाऊ नये. उंटिणीचे दूध तापवल्याशिवाय घेऊ नये, मांस नीट शिजवून खावे. उंटाचे मूत्र औषध म्हणून कोणी देऊ केले तर घेऊ नये. तशी चाल तेथे काही ठिकाणी आहे. मधुमेही, मूत्रपिंडाचे अगर फुप्फुसांचे जुने रोगी, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे, त्यांनी उंटांच्या बाजाराला व गोठ्याला दुरूनच नमस्कार करावा.

आणि मुलगा सुटीवर आला, चौदा दिवसांच्या आत त्याला किंवा घरातल्या कोणाला ताप-खोकला येऊन दम लागू लागला, तर डॉक्टरांच्या खोलीत शिरताच पहिले वाक्य हे सांगावे: आमच्याकडे आखातातून माणूस आला आहे, अमुक तारखेला आला, तेथे त्याचा उंटाशी संबंध होता किंवा नव्हता. कोरियातील तो पहिला रुग्ण आखाती देशांत जाऊन आलेला होता, आणि रोगाचे नाव कळेपर्यंत तो एकामागून एक निरनिराळ्या दवाखान्यांतून फिरला होता.